‘रगत नेलंत, त्याचं काय झालं?’ : आरोग्य विभागाला आणि आरोग्य विद्यापीठाला खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. आयुक्त, आरोग्य सेवा
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

विषय : प्राथमिक आरोग्य केंद्रांतून वर जाणाऱ्या माहितीचे उत्तर खाली मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत एकतीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. हे पत्र कुणाबद्दलची तक्रार म्हणून लिहीत नाही. इतकी वर्षे मनात राहिलेला एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे, आणि तो मूळचा माझा नाही. रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी वाडीवर रक्तक्षयाची तपासणी करायला आम्ही गेलो होतो. आदल्या वर्षीही कुठलेसे पथक येऊन बोटांतून रक्त घेऊन गेले होते. एका म्हातारीने हात पदराखाली घेतला आणि विचारले, “मागल्या साली रगत नेलंत, त्याचं काय झालं?” मी तिला काहीतरी सांगितले. खरे उत्तर मला माहीत नव्हते. पुढे चौकशी करूनही ते कळले नाही.

आमच्या केंद्रातून वर काय काय जाते, हे तुम्हाला माहीत आहेच. आशाताईंची डायरी, आरोग्य सेविकेचे आरसीएच (माता-बाल आरोग्याचे) रजिस्टर, एचएमआयएसचा मासिक अहवाल, क्षयरोगाचे ‘निक्षय’ पोर्टल, साथरोगांचे आयएचआयपी पोर्टल, माता मृत्यू अन्वेषण, बालमृत्यू अन्वेषण. महिना संपला की डेटा एंट्री ऑपरेटरच्या टेबलाभोवती सेविकांची रांग लागते. कळवण्यासारखे काही घडले नसेल तर ‘निरंक’ लिहून का होईना, अहवाल जातोच. वरून खाली येते ते उद्दिष्ट, स्मरणपत्र आणि टक्केवारी कमी असेल तर खुलाशाची नोटीस. ‘तुम्ही पाठवलेल्या माहितीतून आम्हाला हे कळले, म्हणून आता असे करून पाहा’ असा मजकूर असलेला एकही कागद माझ्या संपूर्ण नोकरीत माझ्या टेबलावर आला नाही.

संशोधन मोठ्या शहरात, मोठ्या यंत्रांवर होते आणि केंद्रातल्या डॉक्टरने फक्त वरून आलेली औषधे वाटायची असतात, ही समजूत आपल्या खात्यात खोल रुजली आहे. ती खोटी असल्याचा पुरावा आपल्याच खात्यात घडलेला आहे.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावला की काय होते ते ज्याने पाहिले आहे, तो विसरत नाही. रुग्णाला दरदरून घाम येतो, उलट्या होतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात. काही तासांत छातीत घरघर सुरू होते, तोंडाशी गुलाबी फेस येतो आणि भाताच्या कापणीला सकाळी धडधाकट गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी नसतो. हाताशी असलेल्या औषधांनी हे मृत्यू थांबत नव्हते. बावस्करांनी केले ते असे, की ते रुग्णाजवळ बसून राहिले. रात्रभर नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचे तापमान बघून सगळे लिहून ठेवले. एकामागून एक रुग्णांच्या त्या नोंदींतून त्यांना दिसले, की विंचवाच्या विषाने शरीरात जे वादळ उठते त्यात रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची निरीक्षणे छापून आली. प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, हा त्यांचा अनुभव १९८६ साली त्याच नियतकालिकात आला. ज्या दंशात शंभरातले तीस-चाळीस दगावत, तिथे हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. पुढे विंचवाची लस (विषावरचा उतारा) मिळू लागली, तेव्हाही ते आपल्या गोळीवर समाधान मानून बसले नाहीत. महाडमध्येच सत्तर रुग्णांची दोन गटांत विभागणी करून त्यांनी तुलना केली. निष्कर्ष २०११ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आले : दहा तासांत पूर्ण बरे होणारे लस अधिक गोळीच्या गटात ९१.४ टक्के, नुसत्या गोळीच्या गटात २२.९ टक्के.

२०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिनंदनाचे फलक लावले. त्या फलकांकडे बघताना माझ्या मनात यायचे, की आज बिरवाडीत जो वैद्यकीय अधिकारी आहे, त्याला रुग्णाच्या खाटेशी रात्रभर बसून लिहायचे झाले तर जमेल का? सकाळची ओपीडी, दुपारी व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स), संध्याकाळी पोर्टल. बावस्करांची जिद्द विरळा होती, हे मान्य. पण सरकारी यंत्रणेने एखाद्या विरळा माणसाच्या जिद्दीवर किती वर्षे अवलंबून राहायचे?

आता सापाकडे येतो. आपल्या देशात सर्पदंशाने नेमकी किती माणसे मरतात, हे आपल्याला फार उशिरा कळले. रुग्णालयांच्या नोंदींवरून पाहिले तर आकडा किरकोळ वाटे. मग भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीतल्या घरांत जाऊन कर्मचाऱ्यांनी विचारले, की माणूस कसा गेला, शेवटच्या दिवसांत काय होत होते. ती उत्तरे डॉक्टरांनी वाचून मृत्यूचे कारण ठरवले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने सांगितले, की २००५ या एका वर्षात देशात सर्पदंशाने सुमारे ४५,९०० माणसे गेली. सरकारी रुग्णालयांच्या आकड्याच्या तीस पटींहून जास्त! यातली बहुतेक माणसे शेतात, वाटेवर, घरात मेली. रुग्णालयात पोचलीच नाहीत म्हणून रजिस्टरातही आली नाहीत. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. आनंद आहे. पण २००५ साली मेलेल्यांची दखल घ्यायला २०२४ उजाडले.

यात माझीही एक छोटी गोष्ट आहे. एका केंद्रात असताना चार पावसाळे मी सर्पदंशाचे वेगळे रजिस्टर ठेवले. दंश किती वाजता झाला, घरातून किती वाजता निघाले, मध्ये कुठे थांबले, आमच्याकडे किती वाजता पोचले. आपल्या सभांमध्ये नेहमी ऐकू येते की लोक मांत्रिकाकडे जातात म्हणून उशीर होतो. मीही हेच म्हणायचो. माझ्या रजिस्टरात मात्र जास्त वेळ गेलेला दिसला तो गाडीची वाट बघण्यात आणि एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे पाठवण्यात. आणखी एक गोष्ट दिसली. घोणस किंवा फुरसे चावल्यावर विषाचा रक्तावर परिणाम झाला का, हे ओळखायची तपासणी अगदी साधी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून गोठले का ते बघायचे. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकची चालत नाही. आमच्या पुरवठ्यात येत होत्या त्या प्लास्टिकच्या.

हे सगळे दोन पानांत लिहून मी वरच्या एका कार्यालयाकडे पाठवले. उत्तर आले ते असे : नेमून दिलेल्या कामाव्यतिरिक्त हे रजिस्टर कोणाच्या परवानगीने ठेवले, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा. मी खुलासा दिला. काचेच्या नळ्या पदरच्या पैशांनी आणल्या. रजिस्टर चालू राहिले, पण ते पुढे कुणी वाचले नाही.

माझ्या एका केंद्रातल्या नोंदींवरून सगळ्या महाराष्ट्राबद्दल काही म्हणता येत नाही, हे मला कळते. म्हणूनच तर वाईट वाटते. अशाच नोंदी कोकणातल्या, चंद्रपूर-गडचिरोलीच्या, जव्हार-मोखाड्याच्या, सोलापूरच्या केंद्रांनी एकाच पद्धतीने ठेवल्या असत्या, तर कुठे गाडी कमी पडते, कुठे लस, कुठे नळी, हे राज्याला अंदाजाने नव्हे तर मोजून कळले असते. त्याला परदेशी निधी लागत नाही. एक सारखा तक्ता लागतो, आणि ‘कोणाच्या परवानगीने’ असे न विचारणारा वरिष्ठ लागतो.

‘एवढी खटपट कशाला, जगात सिद्ध झालेले उपचार आहेतच, तेच राबवू’ असे कुणी म्हणेल. तसे म्हणणाऱ्यांसाठी दोन अभ्यास सांगतो. दोन्ही वाचले तेव्हा मला झोप लागली नव्हती.

पहिला आफ्रिकेतला. तापाने फणफणलेले मूल, हातपाय गार, नाडी क्षीण, म्हणजे रक्ताभिसरण ढासळलेले. अशा मुलाला भरभर सलाईन द्यायचे, हा श्रीमंत देशांतल्या अतिदक्षता विभागांतून आलेला नियम आपण सगळे शिकलो आहोत. केनियातल्या किलिफीत काम करणाऱ्या डॉ. कॅथरिन मेटलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या साध्या रुग्णालयांत तो तपासून पाहिला. ३,१४१ मुले होती, बऱ्याच जणांना मलेरिया होता, अनेकांत रक्त फार कमी. जुलाबाने सुकलेली मुले यात नव्हती. त्यांना पाणी भरून काढावेच लागते, हे माझ्या तरुण मित्रांनी लक्षात ठेवावे. भरभर सलाईन किंवा अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचे द्रावण) दिलेल्या गटांत ४८ तासांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुले दगावली, आणि न दिलेल्या गटात ७.३ टक्के. शंभर मुलांमागे तीन मुले उपचारामुळे जास्त गेली! अभ्यास मध्येच थांबवावा लागला आणि २०११ साली निष्कर्ष जगापुढे आले. तपासले नसते, तर नियम पाळल्याच्या समाधानात डॉक्टर तसेच सलाईन लावत राहिले असते.

दुसरा अभ्यास आपल्या नागपूरशी जोडलेला आहे. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या, तर आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्याने बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. मोठ्या रुग्णालयांत हे कित्येक वर्षे सिद्ध झालेले आहे. मग हे इंजेक्शन खेड्यापाड्यांत, खालच्या पातळीवर पोचवले तर? नागपूर आणि बेळगाव परिसर, शिवाय पाकिस्तान, केनिया, झांबिया, ग्वाटेमाला, अर्जेंटिना अशा सहा देशांत ते करून पाहिले. कमी वजनाच्या बाळांचा मृत्युदर कमी झाला नाही. उलट, एकूण नवजात बाळांत हजारामागे २३.९ च्या जागी २७.४ मृत्यू झाले. अनेक आयांचे दिवस मुळात भरत आलेले होते, आणि आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही वाढली. हे वाचताना मला आमच्या वाड्या आठवल्या. शेवटची पाळी कधी आली, याचे उत्तर ‘शिमग्याच्या आसपास’ एवढेच मिळते, सोनोग्राफी तालुक्याला, मग सातवा की नववा हे कोण सांगणार? नंतर भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरियातल्या २९ रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस नीट मोजून आणि नवजात बाळांची सोय असताना तेच इंजेक्शन पुन्हा तपासले गेले. २०२० साली आलेल्या त्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध दोन्हीकडे तेच होते.

तेव्हा परिपत्रक काढण्याआधी प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारत जा, अशी माझी हात जोडून विनंती आहे : हे कुठे तपासले, आणि ते ठिकाण आमच्या केंद्रासारखे होते का?

पुरावा आपल्याच मातीत तयार होऊनही वापरात यायला किती काळ लागतो, हे गडचिरोलीने दाखवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन घेणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखणे आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे. त्या गावांत हजारामागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हते, तिथे तो ६० च्या जवळपासच राहिला. हे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आशांमार्फत नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. मधली बारा वर्षे मोठी होतात, साहेब. शिवाय कार्यक्रम आला तेव्हा आशाच्या हातात इंजेक्शन दिले नाही. त्यामागे कारणे असतील, सुरक्षिततेची काळजी असेल. पण मूळ प्रयोगातला एक महत्त्वाचा भाग काढल्यावर परिणाम किती उरला, हे जिल्ह्याजिल्ह्यात मोजून आम्हाला कुणी सांगितले नाही. आशा पावसातून वाडीवर भेटीला जाते, फॉर्मवर सही घेते, आणि भेटी मोजल्या जातात.

हे लवकरही होऊ शकते. झारखंडात क्षयरुग्णांच्या घरच्यांना पुरेसे धान्य आणि डाळ दिल्यावर त्या घरांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले, असे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाठबळाने झालेल्या अभ्यासातून २०२३ साली कळले. नोव्हेंबर २०२४ पासून क्षयरुग्णाला आहारासाठी मिळणारी निक्षय पोषण योजनेची रक्कम महिना ५०० वरून १,००० रुपये झाली. ठरवले की वर्ष-दीड वर्षात फाइल हलते, असे निदान यावरून म्हणता येते.

आता माझे मागणे.

कुलगुरू महोदया/महोदय, तुमच्या विद्यापीठात दरवर्षी एमडी-एमएसचे विद्यार्थी प्रबंध लिहितात. त्यातले कित्येक विषय दरवर्षी तेच असतात, कारण मार्गदर्शकाच्या विभागात तेवढेच रुग्ण सहज मिळतात. प्रबंध बांधून ग्रंथालयाच्या कपाटात जातो आणि परीक्षा झाली की त्याचे नाव निघत नाही. या विद्यार्थ्यांना आता जिल्हा निवासी कार्यक्रमाखाली तीन महिने जिल्ह्यात जावेच लागते. त्या तीन महिन्यांची सांगड जिल्ह्याच्या प्रश्नाशी घाला. प्रत्येक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने वर्षाच्या सुरुवातीला केंद्रांकडून प्रश्न मागवावेत. आमच्याकडे प्रश्नांची कमी नाही. लोहाच्या गोळ्या घरी नेल्या जातात, मग खाल्ल्या का जात नाहीत? उसतोडीला गेलेल्या गरोदर बाईची कार्डावरची नोंद कारखान्याच्या तळावर कुणाला दिसते का? कमी वजनाचे बाळ एसएनसीयूतून (नवजात बाळांच्या विशेष कक्षातून) घरी आल्यावर पहिल्या महिन्यात त्याचे काय होते? यातून विद्यार्थ्याने प्रश्न निवडावा, आणि प्रबंधाबरोबर दोन पानांचा सोपा मराठी सारांश जोडणे सक्तीचे असावे. तो सारांश विद्यापीठाने सगळ्यांना वाचता येईल असा ठेवावा, आणि ज्या केंद्रातून माहिती घेतली तिथे विद्यार्थ्याने स्वतः जाऊन वाचून दाखवावा. ही शेवटची अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आशा आणि सेविकांसमोर उभे राहून बोलावे लागणार असेल, तर प्रबंध आपोआप वेगळा लिहिला जाईल.

आरोग्य विभागाकडे दुसरे मागणे. माता मृत्यू आणि बालमृत्यू अन्वेषणाचे फॉर्म हा आपल्याकडचा सर्वांत किमती पुरावा आहे. एकेक फॉर्म म्हणजे एका आईची किंवा बाळाची गोष्ट : निर्णय घ्यायला झालेला उशीर, वाटेत झालेला उशीर, रुग्णालयात पोचल्यावर झालेला उशीर. मात्र अन्वेषणाच्या बैठकीत चूक कोणाची हे शोधले जाते, त्यामुळे सेविका फॉर्म भरताना स्वतःला वाचवत भरते. मी तिला दोष देत नाही, मीही तसेच केले आहे. नावे आणि गावे वगळून जिल्ह्यातल्या वर्षभराच्या फॉर्मचे एकत्र वाचन करा, शिक्षेच्या टेबलापासून ते दूर ठेवा, आणि जे सापडेल ते प्रत्येक केंद्राला कळवा. भीती गेली की नोंदी खऱ्या होतील.

तिसरे मागणे तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आहे. ज्याला आपल्या केंद्रात काही तपासून बघायचे आहे, त्याला महिन्यातून दोन दिवस त्यासाठी मोकळे द्या. जवळच्या शासकीय महाविद्यालयातला एक संख्याशास्त्रज्ञ आणि तिथली नैतिकता समिती त्याला जोडून द्या, म्हणजे रुग्णाची संमती आणि गोपनीयता नीट सांभाळली जाईल. डहाणूत आयसीएमआरचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. तशी सोय प्रत्येक विभागात एक तरी असावी. आणि ज्याच्या नोंदींतून खात्याची उणीव दिसेल, त्याच्याकडून खुलासा मागवू नका.

चौथे मागणे त्या म्हातारीचे आहे. ज्या वाडीतून रक्त, वजन, उंची, माहिती काही म्हणून घेतली जाईल, तिथे सहा महिन्यांच्या आत पथकाने परत जावे आणि काय सापडले ते सांगावे. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा निकाल, आणि सगळ्यांना मिळून वाडीचा. काहीच सापडले नसेल तर तेही सांगावे. मंजुरीच्या अटींतच हे घाला, आणि परतीचा डिझेलखर्च अंदाजपत्रकात धरा. दरवेळी तेवढाच राहून जातो.

सर्पदंशाच्या त्या चार पावसाळ्यांच्या नोंदींचा, नावे वगळून केलेला, तक्ता माझ्याकडे आहे. राष्ट्रीय आराखड्याचे काम राज्यात जे कोणी पाहत असतील त्यांना तो द्यायला मी तयार आहे. बोलावले तर समजावून सांगायलाही येईन. एका पावसाळ्याचे दोन महिने त्यात नाहीत, कारण तेव्हा माझी दुसरीकडे प्रतिनियुक्ती होती. त्या काळातले रुग्ण केंद्राच्या ओपीडी रजिस्टरात असतील, तेवढे कृपया काढून घ्यावेत.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी